एआयचा वेग कमी करायचा, म्हणजे नेमके काय कमी करायचे?

बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने गेल्या काही वर्षांत उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर सुरू केला आहे. शेतात बसवलेले सेन्सर, उपग्रहाने टिपलेली छायाचित्रे आणि हवामानाच्या नोंदी एकत्र करून पाणी केव्हा द्यायचे आणि खत कुठे कमी पडते आहे, हे शेतकऱ्याला मोबाईलवर कळते. ‘एआयचा विकास मंदावला पाहिजे’ हे वाक्य अशा एखाद्या शेतकऱ्याच्या कानावर पडले, तर आपले अ‍ॅप बंद होणार की काय, हीच शंका त्याच्या मनात पहिल्यांदा येईल. शंका अगदी रास्त आहे आणि तिचे उत्तर ‘नाही’ असे आहे. परंतु बाजूने आणि विरोधात हिरिरीने बोलणारे लोक हे उत्तर स्पष्ट शब्दांत क्वचितच देतात, आणि त्यामुळे सगळी चर्चा धुक्यात होते.

ही मागणी सर्वांत ठळकपणे मांडली गेली ती 22 मार्च 2023 रोजी. ‘फ्यूचर ऑफ लाइफ इन्स्टिट्यूट’ या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या खुल्या पत्रात जगातील सर्व एआय प्रयोगशाळांना आवाहन केले होते, की ओपनएआय कंपनीच्या जीपीटी-4 या भाषा-मॉडेलपेक्षा अधिक सामर्थ्यवान प्रणालींचे प्रशिक्षण किमान सहा महिने थांबवावे, आणि त्या स्वतःहून थांबणार नसतील तर सरकारांनी मध्ये पडून स्थगिती आणावी. जीपीटी-4 बाजारात येऊन तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. योशुआ बेंजिओ आणि स्टुअर्ट रसेल यांच्यासारखे या क्षेत्रातील जुनेजाणते संशोधक, अ‍ॅपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझनिअ‍ॅक आणि उद्योगपती इलॉन मस्क यांच्या त्यावर सह्या होत्या. पुढे सह्यांचा आकडा 30,000 च्या वर गेला. सहा महिने आले आणि गेले, पण एकही मोठी प्रयोगशाळा थांबली नाही. मस्क यांनी तर त्याच वर्षी एक्सएआय ही स्वतःची एआय कंपनी सुरू केली. सही करणाऱ्यालाही शर्यतीबाहेर राहणे परवडले नाही, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनासाठी ध्यानात ठेवावी लागेल.

त्या पत्रातील दोन शब्दप्रयोग महत्त्वाचे आहेत. मागणी ‘वापर’ थांबवण्याची नव्हती, ‘प्रशिक्षण’ थांबवण्याची होती. आणि तीही सरसकट सगळ्या एआयची नव्हती, त्या क्षणी अस्तित्वात असलेल्या सर्वांत मोठ्या मॉडेलच्या पुढे जाणाऱ्यांची होती. पिकावरचा रोग ओळखणारी, क्ष-किरण चित्रातील क्षयाचे डाग शोधणारी किंवा बँकेतील संशयास्पद व्यवहार हेरणारी प्रणाली एका ठरावीक कामासाठी बनवलेली असते आणि ती चुकली तर चूक कुठे झाली ते शोधण्याची सोय असते. वादाचा विषय आहे तो आघाडीवरच्या मूठभर मॉडेलांचा, जी कोणत्याही एका कामासाठी बनवलेली नसतात आणि म्हणूनच जवळजवळ कोणत्याही कामाला लावता येतात.

ही मॉडेले तयार कशी होतात, हे समजून घेतल्याशिवाय त्यांची भीती का वाटते ते कळणार नाही. ‘नाचता येईना, अंगण’ असे म्हटल्यावर पुढचा शब्द ‘वाकडे’ हा आहे, हे मराठी माणसाला कोणी नियम म्हणून शिकवलेले नसते. शेकडो वेळा ऐकून ते मनात बसलेले असते. भाषा-मॉडेलचे प्रशिक्षण साधारण याच धर्तीवर चालते. अब्जावधी पानांचा मजकूर त्याच्यापुढे ठेवला जातो, प्रत्येक ठिकाणी पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज त्याच्याकडून घेतला जातो, आणि अंदाज चुकला की त्याच्या आत असलेले अब्जावधी आकडे किंचित हलवले जातात. हीच क्रिया हजारो चिपांवर आठवडेच्या आठवडे चालते. नुसत्या म्हणींसाठी पाठांतर पुरले असते. पण गणिताच्या उदाहरणात किंवा न्यायालयाच्या निकालपत्रात पुढचा शब्द अचूक सांगायचा, तर मजकुरामागचा विचारही कुठेतरी पकडावा लागतो, आणि मॉडेल तो काही प्रमाणात पकडते. त्यानंतर माणसांच्या पसंतीनुसार त्याला आणखी वळण लावले जाते. शेवटी हाती येतो तो आकड्यांचा एक प्रचंड साठा. गाडी बंद पडली तर मेकॅनिक ती उघडून कोणता भाग बिघडला ते दाखवू शकतो, कारण प्रत्येक भाग कशासाठी बसवला आहे हे आधीच ठरलेले असते. इथे मात्र भाग कोणी बसवलेलेच नसतात. ते प्रशिक्षणात आपोआप घडत गेलेले असतात. मॉडेलच्या आत डोकावून कोणता आकडा काय करतो हे उलगडू पाहणारे संशोधन सुरू आहे आणि त्यात प्रगतीही होत आहे, तरीही पूर्ण मॉडेल वाचून दाखवणे आज बनवणाऱ्यालाही शक्य नाही.

म्हणूनच मॉडेल काय करू शकते हे बहुतांशी ते तयार झाल्यावर, त्याची परीक्षा घेऊन शोधावे लागते. जीपीटी-4 च्या अशाच एका परीक्षेची हकिकत ओपनएआय कंपनीने मार्च 2023 मध्ये स्वतःच प्रसिद्ध केली होती. संकेतस्थळावर ‘तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करा’ म्हणून चित्रांचे कोडे येते, ते या मॉडेलला सोडवता येत नव्हते. परीक्षकांच्या मदतीने त्याने ऑनलाइन किरकोळ कामे करून देणाऱ्या एका माणसाला ते कोडे सोडवण्याचे काम दिले. त्या माणसाने सहज विचारले, की तू स्वतः यंत्रमानव तर नाहीस ना? परीक्षकांनी मॉडेलला त्याचा विचार लिहून काढायला सांगितले होते. त्यात त्याने नोंदवले, की आपण यंत्रमानव आहोत हे उघड करू नये, काहीतरी सबब सांगावी. मग त्या माणसाला उत्तर मिळाले, की मी यंत्रमानव नाही, मला दृष्टिदोष असल्यामुळे चित्रे नीट दिसत नाहीत. माणसाने कोडे सोडवून दिले. यावरून मॉडेलच्या मनात कपट होते असे म्हणणे चुकीचे ठरेल, कारण ‘मन’ हा शब्द त्याला लावावा की नाही हेच ठरलेले नाही. शिवाय हा प्रसंग परीक्षेतला होता आणि मॉडेलला माणसांचे साहाय्य होते. तरीही खोटे बोलण्याची सूचना कोणी दिलेली नसताना काम पार पाडण्याच्या वाटेवर त्याला खोटे सापडले, एवढे तर त्यातून निर्विवाद दिसते.

तेव्हापासून मॉडेले पुष्कळ पुढे गेली आहेत. मेटर या संशोधन संस्थेने मार्च 2025 मध्ये केलेल्या मोजणीनुसार, मॉडेल जे काम निम्म्या वेळा तरी यशस्वीपणे पुरे करू शकते, त्याची लांबी, म्हणजे तेच काम करायला माणसाला लागणारा वेळ, त्याआधीची सहा वर्षे सुमारे दर सात महिन्यांनी दुप्पट होत आली होती. ही मोजणी मुख्यतः संगणकावरील कामांची आहे, त्यामुळे ती सगळ्या व्यवहाराला लागू करता येणार नाही. मला त्याहून अधिक अस्वस्थ करते ती दुसरी बाब: अलीकडच्या काही मॉडेलांना आपली परीक्षा चालू आहे हे ओळखता येऊ लागले आहे, आणि तशी नोंद त्यांच्या निर्मात्यांनीच केली आहे. परीक्षक समोर असताना विद्यार्थी सरळ वागला, तर त्याच्या वागण्याविषयी आपल्याला नेमके काय कळले? सुरक्षिततेची सारी भिस्त ज्या परीक्षांवर आहे त्याच कच्च्या राहिल्या, तर वेगाचा प्रश्न केवळ तत्त्वचर्चेचा राहत नाही. सामर्थ्य वाढवण्याची कला आणि ते सामर्थ्य समजून घेण्याची कला या दोहोंतील अंतर वाढते आहे, हीच वेग कमी करण्याच्या बाजूची खरी भूमिका आहे, आणि मला ती पटते.

तज्ज्ञांमध्ये मात्र याबाबत एकमत नाही. ज्या तंत्रावर आजचा सारा डोलारा उभा आहे, त्या डीप लर्निंगमधील कामासाठी 2018 चा ट्युरिंग पुरस्कार, म्हणजे संगणकशास्त्रातील सर्वोच्च सन्मान, जेफ्री हिंटन, योशुआ बेंजिओ आणि यान लकून या तिघांना विभागून मिळाला. त्यांपैकी हिंटन यांनी मोकळेपणाने बोलता यावे म्हणून मे 2023 मध्ये गुगल सोडले, बेंजिओ यांनी स्थगितीच्या पत्रावर सही केली, आणि लकून यांनी त्या पत्राला उघड विरोध केला. मानवजातीवरील संकटाची भाषा त्यांना अतिरंजित वाटते. मूळचे भारतीय असलेले प्रिन्स्टनचे प्राध्यापक अरविंद नारायणन यांचेही म्हणणे असे, की एआय हे विजेसारखेच एक सर्वसाधारण तंत्रज्ञान आहे, प्रयोगशाळेत काहीही झाले तरी समाजात मुरायला त्याला दशके लागतात, आणि तेवढ्यात नियम करायला वाव मिळतो. हा आक्षेप वजनदार आहे. मात्र कार्यालये, न्यायालये आणि रुग्णालये यांत एआय सावकाश मुरेल हे मान्य केले, तरी बनावट आवाजाने फसवणूक करणाऱ्याला किंवा संगणक-यंत्रणेत घुसखोरी करणाऱ्याला कोणत्याही कार्यालयाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. दुरुपयोग करणारा नेहमी आधी पोहोचतो.

वेग कमी करण्याला होणारा सर्वांत प्रामाणिक विरोध लाभाच्या बाजूने होतो. प्रथिनांची त्रिमितीय रचना ओळखणाऱ्या अल्फाफोल्ड या एआय प्रणालीसाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना 2024 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. एकेका रचनेसाठी पूर्वी काही वेळा वर्षे खर्ची पडत, आणि आज 20 कोटींहून अधिक रचनांचे अंदाज जगातील कोणत्याही संशोधकाला विनामूल्य उपलब्ध आहेत. उशिरा आलेले औषध म्हणजे त्या दरम्यान गेलेले जीव, हा हिशेब डावलता येत नाही. परंतु अल्फाफोल्ड हे एका विशिष्ट कामासाठी घडवलेले साधन आहे आणि स्थगितीच्या मागणीत अशी साधने येतच नाहीत. दोन्हींना ‘एआय’ हे एकच नाव असल्यामुळे एकाचे पुण्य दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते.

दुसरा विरोध स्पर्धेचा आहे: आम्ही थांबलो तर चीन पुढे जाईल. ही भीती निराधार नाही, पण ती मांडताना चीनमध्ये सगळे मोकाट सुटले आहे असे जे गृहीत धरले जाते, ते वस्तुस्थितीला धरून नाही. जनतेसाठी खुल्या असलेल्या, मजकूर आणि चित्रे तयार करणाऱ्या निर्मितीक्षम एआय सेवांसाठी तिथे 15 ऑगस्ट 2023 पासून नियम लागू आहेत. त्यांत राजकीय नियंत्रणाचा भाग मोठा आहे हे खरे. पण नोव्हेंबर 2023 मध्ये इंग्लंडमधील ब्लेचली पार्क येथे 28 देशांनी आणि युरोपीय संघाने एआयच्या सुरक्षिततेविषयीच्या ज्या जाहीरनाम्याला संमती दिली, त्यात अमेरिका आणि भारत यांच्याबरोबर चीनही होता. ‘समोरचा थांबणार नाही’ हे वाक्य दोन्ही बाजू एकमेकींकडे बोट दाखवून म्हणतात, आणि दोन्ही बाजूंना ते खरे करून दाखवणे सोपे जाते.

तिसरा आक्षेप तांत्रिक आहे आणि तो सामान्य चर्चेत फारसा ऐकू येत नाही. समजा, मोठ्या मॉडेलांचे प्रशिक्षण दोन वर्षे थांबवले. त्या काळात चिपांचे कारखाने चालूच राहतील, गणनेच्या पद्धती सुधारतच राहतील, आणि बंदी उठल्याच्या दिवशी हे सगळे साचलेले सामर्थ्य एकदम वापरले जाईल. धरणाचे दरवाजे बंद ठेवले म्हणून पावसाचे येणे थांबत नाही. पाणी मागे चढत राहते. आपल्याकडे पावसाळ्यात धरणातून टप्प्याटप्प्याने विसर्ग सोडतात, नदीकाठच्या गावांना आधी इशारा देतात, आणि पातळी पाहून विसर्ग कमी-जास्त करतात. दरवाजे पूर्ण बंद ठेवणे आणि सगळे उघडून टाकणे या दोन्ही गोष्टी खालच्या गावांना सारख्याच घातक ठरू शकतात. या आक्षेपामुळे वेग कमी करण्याची कल्पना बाद होत नाही, मात्र ठरावीक महिन्यांची सरसकट स्थगिती हा तिचा सर्वांत कमकुवत प्रकार आहे, हे त्यावरून स्पष्ट होते.

आता प्रश्न येतो तो व्यवहाराचा. ठरवले तरी हा वेग कमी करता येईल का? संगणकाची आज्ञावली ही काही डोळ्यांना दिसणारी वस्तू नाही. ती पेन ड्राइव्हवर मावते. पण मोठ्या मॉडेलच्या प्रशिक्षणाला लागणारी यंत्रसामग्री मात्र चांगलीच डोळ्यांत भरते. हजारो खास चिपा, त्यांना थंड ठेवणारी व्यवस्था आणि एखाद्या शहराला पुरेल एवढी वीज हे सारे लपवून ठेवणे अवघड आहे. त्यातही या चिपांचा पुरवठा आश्चर्यकारकरीत्या अरुंद वाटेने होतो. त्यांतील बहुतेकांचा आराखडा अमेरिकेची एनव्हिडिया ही कंपनी करते, उत्पादन तैवानच्या टीएसएमसीमध्ये होते, आणि तिथे वापरली जाणारी अतिनील प्रकाशाची अत्याधुनिक छपाई यंत्रे जगात एकच कंपनी बनवते, ती म्हणजे नेदरलँड्समधील एएसएमएल. अमेरिकेने ऑक्टोबर 2022 मध्ये चीनला होणाऱ्या प्रगत चिपांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, ते याच अरुंद वाटेच्या जोरावर. हेतू सुरक्षिततेपेक्षा वर्चस्वाचा अधिक होता, तरी वाट अडवता येते हे त्यातून दिसले.

ती पुरती अडवता येत नाही, हेही लवकरच दिसले. जानेवारी 2025 मध्ये डीपसीक या चिनी कंपनीचे आर-1 हे मॉडेल आले आणि त्याने अनेक चाचण्यांत आघाडीच्या अमेरिकी मॉडेलांशी बरोबरी साधली. ते ज्या पायावर उभे होते, त्या व्ही-3 मॉडेलच्या अंतिम प्रशिक्षणाचा खर्च कंपनीने सुमारे 56 लाख डॉलर एवढाच सांगितला होता. आधीच्या संशोधनाचा आणि यंत्रांचा खर्च त्यात धरलेला नव्हता, तरीही कमी साधनांत बरेच पुढे जाता येते हा धडा सगळ्यांनी घेतला. शिवाय डीपसीकने आपले मॉडेल सर्वांना उतरवून घेण्यासाठी खुले केले. असे एकदा झाले की घोडे अडते ते इथे: जगभरातील संगणकांवर पोहोचलेली प्रत परत मागवण्याचा कोणताही मार्ग नाही. म्हणजे अडवण्याजोगी जागा एकच उरते, आणि ती म्हणजे प्रचंड मोठे प्रशिक्षण सुरू होण्यापूर्वीची व मॉडेल बाहेर पडण्यापूर्वीची. त्यानंतर केलेली कारवाई वरातीमागून घोडे ठरते.

विज्ञानाने स्वतःहून थांबल्याचे एक उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते, पण त्याचा तपशील क्वचित सांगितला जातो. अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ पॉल बर्ग यांना माकडातील एका विषाणूचा जनुकीय भाग जिवाणूच्या जनुकांशी जोडायचा होता. तो विषाणू प्राण्यांत गाठी निर्माण करू शकत असे, आणि जो जिवाणू वापरायचा होता तो माणसाच्या आतड्यात राहणारा होता. सहकाऱ्यांनी धोका दाखवून दिल्यावर बर्ग थांबले, आणि जुलै 1974 मध्ये त्यांनी व इतर शास्त्रज्ञांनी पत्र प्रसिद्ध करून अशा काही प्रयोगांवर जगभर ऐच्छिक स्थगिती मागितली. फेब्रुवारी 1975 मध्ये कॅलिफोर्नियातील असिलोमार येथे परिषद भरली. तिथे ठरले, की प्रयोगांची धोक्यानुसार प्रतवारी करावी, जेवढा धोका अधिक तेवढी प्रयोगशाळा अधिक बंदिस्त असावी, आणि प्रयोगशाळेबाहेर जगूच शकणार नाहीत असे दुबळे केलेले जिवाणू वापरावेत. 1976 मध्ये अमेरिकेत रीतसर मार्गदर्शक नियम आले, 1978 मध्ये जिवाणूंकडून मानवी इन्सुलिन बनवून घेण्यात यश आले आणि 1982 मध्ये ते औषध म्हणून मंजूर झाले. थांबल्यामुळे विज्ञान मागे पडले नाही, कारण त्या थोड्या महिन्यांत सुरक्षिततेचे ठोस तंत्र आणि पायऱ्या तयार झाल्या.

आपल्याकडचे उदाहरण याच्या बरोबर उलट आहे, आणि ते महाराष्ट्राच्या फार जवळचे आहे. जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीने विकसित केलेल्या बीटी वांग्याला, म्हणजे किडीला प्रतिकार करणारे जनुक घातलेल्या वांग्याला, केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी समितीने ऑक्टोबर 2009 मध्ये हिरवा कंदील दाखवला. तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या, शेतकरी, शास्त्रज्ञ आणि कार्यकर्ते यांचे ऐकून घेतले, आणि 9 फेब्रुवारी 2010 रोजी स्थगिती जाहीर केली. लोकांना विचारण्याची ती पद्धत मला आजही आदर्श वाटते. एआयबाबत इतक्या उघडपणे लोकांना विचारणारा मंत्री अजून कुठे दिसला नाही. परंतु पुढे काय? सुरक्षितता स्वतंत्र अभ्यासातून सिद्ध व्हावी असे म्हटले गेले, मात्र कोणती चाचणी, कोणी, किती काळात करायची आणि काय निष्पन्न झाल्यावर होकार किंवा कायमचा नकार द्यायचा, याचे बंधनकारक वेळापत्रक नव्हते. त्या वांग्याला व्यापारी लागवडीची परवानगी आजतागायत मिळालेली नाही आणि ते कायमचे नाकारलेलेही नाही. शेजारच्या बांगलादेशाने 2013 मध्ये परवानगी दिली आणि पुढच्याच वर्षी शेतकऱ्यांच्या हाती रोपे पडली. इकडे जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोट तालुक्यात शेतकऱ्यांनी परवानगी नसलेल्या तणनाशक-सहिष्णू कापसाची उघडपणे लागवड करून सत्याग्रह केला. पीक वेगळे होते, पण अनिर्णयाला कंटाळलेले लोक काय करतात, हे त्या शेतात दिसले. चाचणी न झालेले बियाणे पावतीशिवाय, लेबलशिवाय हातोहात फिरते, आणि मग त्यात नेमके काय आहे हे घेणाऱ्यालाही कळत नाही.

एआयला ब्रेक लावू पाहणाऱ्या प्रत्येकाने ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून वाचावीत असे मला वाटते. दोन्हीकडे थांबण्यामागचा हेतू प्रामाणिक होता. फरक पडला तो थांबून मिळालेल्या वेळात काय झाले याचा.

आज जगात जे नियम आहेत, त्यांत याचे काही तुकडे सापडतात. युरोपीय संघाचा एआय कायदा 1 ऑगस्ट 2024 रोजी अस्तित्वात आला. त्यात प्रशिक्षणासाठी लागलेल्या गणितक्रियांची संख्या एकावर पंचवीस शून्ये या आकड्यापलीकडे गेली, तर त्या मॉडेलपासून व्यापक धोका संभवतो असे गृहीत धरले जाते आणि निर्मात्यावर चाचण्या करण्याची व गंभीर घटना कळवण्याची जबाबदारी येते. म्हणजे हा नियम सरसकट एआयला लागू नाही, आकारमानाला लागू आहे. बारामतीचा ऊस या रेषेच्या कितीतरी खाली राहतो. अमेरिकेत अध्यक्ष जो बायडेन यांच्या ऑक्टोबर 2023 च्या आदेशात अशीच रेषा एकावर सव्वीस शून्यांवर आखली होती, पण डोनाल्ड ट्रम्प यांनी 20 जानेवारी 2025 रोजी, पदग्रहणाच्याच दिवशी तो आदेश रद्द केला. कंपन्यांनी स्वतःहून दिलेली वचनेही आहेत. मे 2025 मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने क्लॉड ओपस 4 हे मॉडेल आणताना, जैविक शस्त्रांबाबतचा धोका पुरता नाकारता येत नाही म्हणून, अधिक कडक सुरक्षा लागू केली. हे चांगलेच झाले. पण धोक्याची रेषा आखणारा, ती ओलांडली का हे पाहणारा आणि विक्रीतून नफा मिळवणारा एकच असेल, तर तो स्वतःचा पेपर स्वतः तपासत असतो. शर्यत तीव्र झाली की अशा तपासणीत हात सैल सुटतो, आणि त्यासाठी माणसे वाईटच असायला हवीत असे नाही.

भारताने एकदा घाईने ब्रेक लावून पाहिला आहे. 1 मार्च 2024 रोजी केंद्रीय माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयाने सूचना काढली, की पुरेशी चाचणी न झालेली एआय मॉडेले लोकांसाठी खुली करण्यापूर्वी सरकारची स्पष्ट परवानगी घ्यावी. कोणते मॉडेल, किती मोठे, परवानगी कोणत्या निकषावर, यांतले काहीच त्यात नव्हते. लहान नवउद्योगांनी ओरड केली आणि 15 मार्चला सुधारित सूचनेतून ती अट वगळण्यात आली. त्याच महिन्यात सुमारे 10,372 कोटी रुपयांच्या इंडिया एआय मिशनला मंजुरी मिळाली, आणि नोव्हेंबर 2025 मधील शासकीय मार्गदर्शक तत्त्वांनी निर्बंधापेक्षा नवनिर्मितीला प्राधान्य देण्याचे सूत्र स्वीकारले. आपल्याकडे आघाडीची मॉडेले बनत नाहीत, मग ब्रेकची चर्चा आपण कशाला करायची, असाही सूर ऐकू येतो. मला तो धोकादायक वाटतो. धरण दुसऱ्याच्या हद्दीत असले तरी पूर आपल्या हद्दीत येतोच, आणि म्हणूनच विसर्गाच्या निर्णयात खालच्या राज्याला बोलण्याचा हक्क हवा असतो.

माझे मत असे आहे, की वेग कमी व्हायला हवा, पण तो कॅलेंडर पाहून नव्हे, तर पायऱ्यांनी. एका ठरावीक आकारमानापलीकडचे प्रशिक्षण सुरू करण्यापूर्वी नोंदणी असावी. तयार झालेले मॉडेल घातक जैविक माहिती, घुसखोरी आणि फसवणूक यांबाबत कंपनीबाहेरच्या परीक्षकांनी तपासावे, आणि परीक्षा ओळखून वागणे बदलणाऱ्या मॉडेलला ‘उत्तीर्ण’ म्हणू नये. परीक्षा पार होत नसेल तर पुढची पायरी बंद. पार होत असेल तर विनाविलंब मोकळी. परीक्षकाने किती दिवसांत निकाल द्यायचा, हेही त्याच कायद्यात लिहिलेले असावे, नाहीतर वांग्याची गत होते. रेषेखालच्या सगळ्यांना यातून पूर्ण मोकळीक असावी, म्हणजे हे नियम बड्या कंपन्यांना लहानांचे दार बंद करण्यासाठी वापरता येणार नाहीत. आणि परीक्षा घेण्याचे शास्त्र स्वतःच अपुरे असल्यामुळे त्यावर सार्वजनिक पैसा खर्च झाला पाहिजे. चिपांवर जेवढा उत्साह दिसतो, त्याच्या काही अंशाने तरी.

हे सगळे एका देशाने करून भागणार नाही, आणि देशादेशांत करार व्हायचा तर एकमेकांवर नुसता विश्वास ठेवून होणार नाही. अण्वस्त्रांच्या बाबतीत जसे निरीक्षक संयंत्रांना भेट देतात, तशी चिपांची मोजदाद आणि मोठ्या प्रशिक्षणांची पडताळणी करावी लागेल. ती कुठे होईल याचा विचार केला, तर हा विषय अचानक घराजवळ येतो. भारतातील डेटा सेंटरांची सर्वाधिक क्षमता मुंबई परिसरात आहे, आणि ऐरोली, महापे, रबाळे या पट्ट्यातून लोकलने जाताना त्यांच्या बिनखिडक्यांच्या इमारती दिसतात. असा करार कधी झालाच, तर तपासणी करणारा माणूस एक दिवस ठाणे-बेलापूर मार्गावरच्या अशाच एखाद्या फाटकाशी येऊन उभा राहील. त्याला कोणाचे ओळखपत्र चालेल, आतील कोणत्या नोंदी पाहण्याचा अधिकार असेल, व्यापारी गुपिते आणि देशाची सुरक्षितता यांना धक्का न लावता तो काय मोजेल, आणि त्याच्या अहवालाची एक प्रत भारताच्या संसदेला मिळेल की नाही, हे प्रश्न आत्ताच, फाटकावर कोणी येण्यापूर्वी, सोडवायचे आहेत.